शनिवारचं वाचनमंडळ

डोंबिवली,
रविवार, १३ जुलै १९५२

ती. आक्कास, त्र्यंबकचा नमस्कार.

कामाशिवाय मी पत्र लिहीत नाही असं तू म्हणशील, आणि ते खरंच आहे. काम असं, की तुला एका माणसाची चौकशी करायची आहे. आनंद गुप्ते नाव. उत्तराच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. इथं येण्याआधी ठाण्याला तुमच्याच शाळेत होता म्हणे, म्हणजे त्याची सगळी कुंडली तुझ्यापाशी असणार.

या गुप्तेनं जूनपासून एक वाचनमंडळ काढलंय. शनिवारी संध्याकाळी शाळेच्या एका वर्गात पोरंपोरी सतरंजीवर गोल करून बसतात. एका इंग्रजी गोष्टीची चार पानं घरून वाचून आलेली असतात, त्यावर बोलतात. फी नाही. मला पहिली शंका इथंच आली. बरं, मास्तर तिथं शिकवतो म्हणावं तर तेही नाही, नुसता ऐकत बसतो. मग हा गृहस्थ आपली संध्याकाळ फुकट का घालवतो?

मी उत्तराला सरळ विचारलं, तिथं काय बोलता. तर म्हणते, "बाबा, तिथलं बाहेर सांगायचं नाही असा नियम आहे."

नियम! आक्का, कल्याणच्या कोर्टात नाझर म्हणून माझे केस पिकले. ज्या कामात तोंड बंद ठेवायची अट असते, तिथं कुठेतरी पाणी मुरत असतंच. लाल बावट्याची मंडळी असेच अभ्यासवर्ग घेतात. पाद्रीही आधी गोष्टीच सांगतात. आणि यातलं काही नसलं, तरी मास्तर तिशीच्या आतला आहे आणि बिनलग्नाचा आहे.

दुसरी गोष्ट तुझ्यापाशीच ठेव. माझ्या मित्रानं, मधूनं, उत्तरासाठी स्थळ आणलंय. मुलगा आंबिवलीच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, क्वार्टर मिळालेली आहे. त्यांना मार्गशीर्षात कार्य उरकायचंय. म्हणजे अकरावी अर्धवट सुटेल, पण त्या लोकांना मॅट्रिक झालेली सून हवी अशी अट नाही, मग कशाला तो खटाटोप? घरात अजून बोललेलो नाही. मधू रविवारी कल्याणहून चहाला येतो, तेव्हा आम्ही दोघं इंग्रजीतच ठरवतो. उत्तरा समोर असली तर विषय काढत नाही. सुमती तिथंच चहा गाळत असते, पण तिचा प्रश्न नाही.

गुप्तेचं लवकर कळव.

त्र्यंबक


ठाणे,
२१ जुलै १९५२

चि. त्र्यंबकास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग राग आला, आणि मग पुन्हा हसू आलं. लहानपणी आईनं पेढे मोजून ठेवले नव्हते तरी तू येऊन सांगायचास की एक कमी आहे. तोच तू.

गुप्ते आमच्याकडे दोन वर्षं होता. लाल नाही, पाद्री नाही. मासे खातो, एवढा एकच गुन्हा तुला सापडेल. फी घेत नाही कारण त्याला भीती घालवायची आहे. तुझ्या-माझ्या वेळी चौथी झाली की इंग्रजी सुरू व्हायचं. आता सरकारनं ते आठवीपासून केलंय. मुलांना कॉलेजात एकदम इंग्रजी ऐकावं लागणार, आणि इथं तोंड उघडायला जीव घाबरतो. आमच्याकडे एक हुशार मुलगी होती, सगळं लिहायची, पण उभं केलं की रडायची. गुप्तेनं तिच्यासाठी हा प्रकार पहिल्यांदा केला. वर्गात बाकं असतात, म्हणून सतरंजी. मास्तर चूक दाखवतो, म्हणून मास्तरानं गप्प बसायचं. गोष्टीतल्या एखाद्या माणसाबद्दल प्रत्येकानं एक तरी वाक्य बोलायचं, मोडकंतोडकं चालेल. जो हसेल त्यानं पुढच्या शनिवारी वर्ग झाडायचा. आणि इथली चूक इथंच राहील, बाहेर कुणी कुणाची थट्टा करायची नाही. तुझा तो भयंकर नियम हाच.

स्थळाबद्दल मला विचारलं नाहीस, तरी सांगते. पोरीला मार्चमध्ये परीक्षेला बसू दे. तिला कॉलेजात जायचंय, हे तुलाही ठाऊक आहे. आंबिवलीची क्वार्टर मार्चपर्यंत कुठे पळून जात नाही. तू म्हणतोस म्हणून मी कुणाला बोलणार नाही, पण सुमतीला अंधारात ठेवणं मला पटलेलं नाही. ती मुलीची आई आहे.

आक्का


डोंबिवली,
१० ऑगस्ट १९५२

ती. आक्कास नमस्कार.

तुझ्या पत्रानं माझी शंका जायच्या ऐवजी वाढली. तुला त्या मंडळाचं इतकं बारीकसारीक कसं माहीत? जो हसेल त्यानं झाडायचं, हे गुप्तेनं तुला पत्रानं कळवलं की काय? आणि कळवलं असेल तर का?

मी इकडे स्वतः तपास सुरू केलाय. माझा जुना इंग्रजी शब्दकोश कपाटात वरच्या फळीवर असतो. गेल्या महिन्यात दोनदा तो खालच्या फळीवर मिळाला. उघडून बघितला तर पानांवर हळदीची बोटं. म्हणजे उत्तरा आईला मदत करायच्या नावाखाली स्वयंपाकघरात बसून वाचते, आणि आई तिला सामील आहे. सुमतीला विचारण्यात अर्थ नाही. ती म्हणणार, "अभ्यास करते हो पोर," आणि पुन्हा कामाला लागणार. परवा रात्री जेवताना मी मुद्दाम गुप्तेचं नाव काढलं. उत्तरानं मान खाली घातली ते ठीक, पण सुमतीच्या हातून आमटीची पळी सुटली. मायलेकी काहीतरी दडवतायत.

शाळेचा शिपाई धाकू आपल्या बाळकुमकडचा आहे. शनिवारी वर्ग तोच उघडून देतो. त्याला तंबाखू दिली आणि बोलतं केलं. तो म्हणाला, "पोरा बसतान, बाया पन येतान. काय बोलतान, मना काय समजतंय?"

बाया! लग्न झालेल्या बायका, वाढलेली पोरं, एक तरुण मास्तर, आणि बाहेर सांगायचं नाही. धाकूला विचारलं कोण बाया, तर त्यानं माझ्याकडे असं काही बघितलं की त्याला माझी कीव येत असावी. मग म्हणाला, मला घंटा द्यायची आहे, आणि गेला. त्याचंही तोंड बंद केलेलं आहे.

मी वाचनालयाच्या चिटणीसांना विचारलं, शेजारच्या विमलाबाईंना विचारलं, गुप्तेच्या खानावळवाल्याला विचारलं. सगळे चांगलंच बोलतात. एका माणसाबद्दल सगळ्यांनी चांगलं बोलावं हे मी कोर्टात कधी बघितलेलं नाही. येत्या आठवड्यात हेडमास्तरांना भेटणार आहे.

त्र्यंबक


ठाणे,
१४ ऑगस्ट १९५२

चि. त्र्यंबक,

आशीर्वाद वगैरे नंतर. हेडमास्तरांकडे जाऊ नकोस. गणपती दहा दिवसांवर आलेत, मी तिकडे येते, आपण बसून बोलू. तोवर काही करू नकोस.

मी तुझ्याशी खोटं बोललेली नाही, पण सगळंही सांगितलेलं नाही. जे राहिलंय ते माझं नाही, म्हणून मला सांगता येत नाही. तुला इतकंच सांगते, त्यात लाज वाटावी असं काही नाही. माझ्यावर एवढा तरी विश्वास ठेव.

आक्का


डोंबिवली,
१७ ऑगस्ट १९५२

ती. आक्कास,

तुझं पत्र यायच्या आधीच मी हेडमास्तरांना भेटलो होतो. आता तू लिहितेस की तुलाही काही माहीत आहे आणि ते सांगता येत नाही. म्हणजे तूही त्या मंडळात आहेस. कोर्टात अशा साक्षीदाराला काय म्हणतात ते तुला सांगायला नको.

हेडमास्तर भित्रा माणूस. बायका येतात एवढं ऐकल्यावरच त्यांना घाम फुटला. संस्थेच्या कमिटीची सभा झाली. वर्ग काढून घेतलाय. ३० तारखेचा शनिवार शेवटचा, हातातली गोष्ट संपवायला तेवढी मुदत गुप्तेनं मागून घेतली. उत्तरा दोन दिवस जेवली नाही. तिला वाटतं कुणा दुसऱ्याच पालकानं तक्रार केली, आणि मी तिला तसं वाटू दिलं.

त्या शनिवारी मी स्वतः जाऊन बघणार आहे. दर शनिवारी कोर्ट सुटल्यावर मी मधूकडे पत्ते, बिझिक खेळायला थांबतो आणि रात्री घरी येतो, हे सगळ्या डोंबिवलीला ठाऊक आहे. त्या दिवशी थांबणार नाही. सुमती शनिवारी राममंदिरात कीर्तनाला जाते, म्हणजे घरी मला कुणी विचारणार नाही. आंबिवलीची मंडळी नवरात्रात उत्तराला बघायला येणार असं मधूनं ठरवत आणलंय. त्याआधी मला कळलं पाहिजे की माझी मुलगी कुणाच्या संगतीत बसत होती.

तू गणपतीला आलीस तर ये, पण माझ्याशी या विषयावर बोलू नकोस.

त्र्यंबक


डोंबिवली,
३१ ऑगस्ट १९५२

आक्का,

गणपतीला तू आली नाहीस ते बरंच झालं.

काल गेलो होतो. वर्गाच्या मागच्या अंगाला व्हरांडा आहे, तिथं मोडकी बाकं रचून ठेवलीत. त्यांच्या आड उभा राहिलो. मी, कोर्टाचा नाझर, कोळिष्टकांत. आतलं सगळं ऐकू येत होतं आणि निम्मं दिसत होतं.

गुप्तेनं सुरुवातीला सांगितलं की आजच्यानंतर हा वर्ग मिळणार नाही. कुणाचं नाव घेतलं नाही. मग म्हणाला, गोष्ट संपवू या. गोष्ट अशी होती. विलायतेतल्या एका जमीनदाराच्या घरी चांदीचा चमचा हरवतो. मोलकरणीवर वहीम येतो. मालक माळ्याला विचारतो, आचाऱ्याला विचारतो, गावच्या पाद्र्याला विचारतो, आणि शेवटी तिला घालवून देतो. चमचा कुणी घेतला ते लेखकानं सांगितलेलंच नाही. ते या पोरांनी ठरवायचं.

तुला खरं सांगतो, मी थोडा वेळ विसरलो की कशाला आलोय. पोरं काय भांडत होती! एक मुलगा माळ्याच्या मागे लागला होता, क्रियापद एक धड नाही, पण मुद्दा वकिलासारखा. आपली उत्तरा उठून उभी राहिली आणि आचाऱ्याची बाजू मांडायला लागली. घरी तिचा आवाज मला ऐकू येत नाही. तिथं व्हरांड्यापर्यंत येत होता.

मग मागून एका बाईचा आवाज आला. ती थांबत थांबत, एकेक शब्द शोधत बोलत होती. इंग्रजी चुकीचं होतं, पण अर्थ स्वच्छ होता. ती म्हणाली, "चमचा कुणी घेतला ते मला माहीत नाही. पण मालकानं सगळ्यांना विचारलं. तिला एकटीला विचारलं नाही."

कुणी हसलं नाही. मी मान पुढं काढून बघितलं. सुमती होती.

मी तिच्याआधी घरी आलो आणि दिवा लावून बसलो. ती आली, चप्पल काढली, मी लवकर आलेलो बघून दचकली. मग म्हणाली, कीर्तन छान झालं. मी हूं म्हटलं.

रात्रभर डोळा लागला नाही. तुला हे माहीत होतं. उत्तराला माहीत होतं. त्या धाकूलासुद्धा माहीत होतं. आता मला एवढंच सांग, चाळिशीला आलेल्या बाईला इंग्रजी कशाला लागतं? तिला कुणाशी बोलायचंय? कुणाला लिहायचंय? गुप्तेनं तिला बोलावलं की ती आपण होऊन गेली? इतकी वर्षं माझ्या घरात राहून ती मला खोटं सांगून संध्याकाळी बाहेर जाते, तर यापूर्वीही काय काय सांगितलं असेल? परतीच्या टपालानं उत्तर दे. मला दुसरं कुणाला विचारता येत नाही.

त्र्यंबक


ठाणे,
२ सप्टेंबर १९५२

त्र्यंबक,

दुसरं कुणाला विचारता येत नाही, असं तू लिहितोस. ती तुझ्याच घरात आहे. चार पावलांवर.

व्हरांड्यात उभा राहून तू तिचं वाक्य ऐकलंस, मला जसंच्या तसं लिहून पाठवलंस, आणि त्याखालीच मला विचारतोस की तिला काय हवंय. मला तुझी लाज वाटली.

तुझं गुपित मी तिला सांगितलं नाही आणि तिचं तुला सांगितलं नाही. दोघांच्या मधे राहून माझा जीव मेटाकुटीला आलाय. आता तुझ्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही.

आक्का


डोंबिवली,
सोमवार, २२ सप्टेंबर १९५२

ती. वन्संस, सुमतीचा नमस्कार.

तुम्हाला मी आपलं आपण लिहिलेलं हे पहिलंच पत्र. एरवी ह्यांच्या पत्राखाली दोन ओळी असायच्या. काल जे झालं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं असं वाटलं.

तुमचं पत्र आल्यावर हे तीन-चार दिवस घरात नुसते फिरत होते. मला काही माहीत नव्हतं, मला वाटलं कोर्टात काही झालं असेल. एका सकाळी मी तांदूळ निवडत होते. हे समोर येऊन जमिनीवर बसले आणि म्हणाले, "तू इंग्रजी कशाला शिकतेस?" मी सूप खाली ठेवलं. पण आवाजात राग नव्हता. भीती होती, वन्सं. मी ह्यांना भ्यालेलं कधी बघितलं नव्हतं.

म्हणून खरं सांगितलं. म्हटलं, तुमचं आणि मधूभावजींचं बोलणं कळावं म्हणून.

मे महिन्यात तुमच्याकडे आले होते तेव्हा तुम्हाला बोलले होते, की रविवारी दोघं इंग्रजीत बोलतात आणि मधे मधे उत्तराचं नाव येतं. नावाला काही इंग्रजी लागत नाही. माझ्यासमोर, माझ्या हातचा चहा पीत, माझ्याच मुलीबद्दल बोलायचे, आणि माझ्याकडे बघून आवाज कमीसुद्धा करायचे नाहीत. मला फार राग यायचा. तुम्ही गुप्ते मास्तरांना लिहिलंत आणि मी मंडळात जाऊन बसले. पहिले तीन शनिवार तोंडातून शब्द निघाला नाही. मास्तरांनी एकदाही विचारलं नाही की बाई, तुम्ही का येता.

आषाढ संपता संपता रविवारचं थोडं थोडं लागायला लागलं. मार्गशीर्षाला त्यांच्यापाशी इंग्रजी शब्द नव्हता, तो तसाच आला. 'एक्झामिनेशन' आला. 'नॉट नेसेसरी' आलं, ते आमच्या गोष्टीत येऊन गेलं होतं. मी किटली हातात धरून उभी होते आणि मला सगळं कळलं. तेव्हाच बोलले असते तर कसं कळलं तेही सांगावं लागलं असतं, आणि मंडळ उत्तराचंही सुटलं असतं. पोरीला सांगावं तर तिचं अभ्यासातलं लक्ष उडालं असतं. म्हणून गप्प राहिले आणि पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. मी ह्यांना कीर्तन म्हणून सांगत होते, ते चुकलंच. पण दुसरं काय सांगणार होते?

हे ऐकून ह्यांनी माझ्या सुपातले खडे वेचायला सुरुवात केली. बराच वेळ वेचत होते. मग उठून हेडमास्तरांकडे गेले, तक्रार मागे घेतो म्हणाले. तक्रार ह्यांचीच होती, हे मला तेव्हा कळलं. पण कमिटीचा ठराव झालेला होता, वर्ग परत मिळाला नाही. गुप्ते मास्तरांनी राजीनामा दिलाय. दिवाळीनंतर नाशिकला जाणार. हे त्यांच्या खोलीवरही गेले होते. मास्तर चांगलं बोलले, चहा दिला, पण राहा म्हटल्यावर नको म्हणाले. हे त्या दिवशी घरी आल्यावर जेवले नाहीत.

आता कालचं सांगते. काल मधूभावजी आले. आंबिवलीची मंडळी अष्टमीला येणार, ते नक्की करायचं होतं. चहा होता होता त्यांनी नेहमीप्रमाणे इंग्रजीत सुरू केलं. हे म्हणाले, "मधू, मराठीत बोल." भावजींना वाटलं थट्टा आहे. ते हसले आणि पुन्हा इंग्रजीतच म्हणाले की वहिनींना यात काय कळणार, त्यांना कशाला मधे आणायचं.

हे भावजींना उत्तर देतील असं वाटलं. पण हे माझ्याकडे बघत होते.

मंडळात असताना वाक्य आधी मनात जुळवावं लागायचं. काल जुळवावं लागलं नाही. मी म्हटलं, "शी इज माय डॉटर."

भावजींच्या हातातली बशी कलंडली. मग मी मराठीत सांगितलं, की उत्तरा मार्चमध्ये परीक्षेला बसणार आहे आणि मार्गशीर्षात आपल्या घरी काही कार्य नाही. भावजी ह्यांच्याकडे बघायला लागले, की बायकोला तुम्ही आवरता की नाही. ह्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तिनं सांगितलं ना."

एवढ्यात बघते तर उत्तरा आतल्या दारात उभी. तिला तोवर यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं मला विचारलं, "आई, कुणाचं कार्य?"

ह्यांनीच उत्तर दिलं.

"कुणाचं नाही," हे म्हणाले. "जा, वाचत बस."

सुमती